कामाच्या मॅकवर मोठा आरपीजी कसा चालवायचा

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात डेस्कटॉप मॅक सहसा कुणी गेम खेळायला घेत नाही. तो येतो लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी, अल्बम डिझाइनसाठी, नाहीतर छपाईच्या कामाला. मग काम संपल्यावर स्टुडिओतला धाकटा हळूच विचारतो, "दादा, ह्याच्यावर विचर चालतंय काय?" विचर म्हणजे मोठा आरपीजी, कथेतलं पात्र होऊन खेळायचा गेम. दादाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. गेम कुठला, चिप कुठली, मेमरी किती, यावर सगळं अवलंबून असतं. या तीन गोष्टी आधी पाहिल्या की पुढचा निम्मा त्रास वाचतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. फक्त गेमसाठी पैसे घालणार असाल तर मॅक घेऊ नका, विंडोजचा पीसी घ्या. पण मॅक टेबलावर आधीच असेल, तर गेमसाठी दुसरं मशीन घेण्याआधी याच्यात काय होतं ते बघायला हरकत नाही. २०२० नंतरच्या मॅकमध्ये लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच काही होतं.

आधी मशीन ओळखा

स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सफरचंद आहे, त्यावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे चिप आणि मेमरी या दोनच ओळी वाचायच्या.

चिपसमोर एम १, एम २, एम ४ असं काही असेल तर तुमचा मॅक अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालतो. ही चिप नोव्हेंबर २०२० मध्ये आली. 'प्रो' किंवा 'मॅक्स' ही शेपटी असेल तर ग्राफिक्सची ताकद जास्त. एम ३ पासून पुढच्या चिपमध्ये रे ट्रेसिंगची, म्हणजे उजेड आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी काढण्याची, सोय हार्डवेअरमध्येच आहे, पण साध्या एम ३ किंवा एम ४ वर ते चालू करायच्या भानगडीत पडू नका. पाण्यातलं प्रतिबिंब सुंदर दिसतं, पण घोडा अडखळत चालतो.

मेमरीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. या मॅकमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते. सिस्टिम, ब्राउझर, गेम आणि गेममधली सगळी चित्रं एकाच साठ्यातून वाटून घेतात. त्यामुळे ८ जीबीचा जुना मॅक मिनी असेल तर मोठ्या गेमला तो अपुरा पडतो. १६ जीबी असेल तर काम भागतं. नंतर वाढवू म्हणाल तर ते होत नाही. मेमरी चिपच्या सोबतच पक्की बसवलेली असते, बेंगळुरूच्या एसपी रोडवर दिवसभर हिंडलात तरी तिचा तुकडा मिळणार नाही. म्हणून सेकंडहँड घेताना चिप एक पिढी जुनी चालेल, पण १६ जीबीच्या खाली उतरू नका. २०२४ अखेर आलेल्या एम ४ मॅक मिनीत १६ जीबी मुळातच आहे, भारतात तो ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला.

चिपऐवजी 'प्रोसेसर' आणि इंटेलचं नाव दिसलं तर वाट वेगळी. तिथे बूट कॅम्प या अ‍ॅपलच्याच सोयीने विंडोज टाकता येतं आणि गेम सरळ विंडोजमध्ये चालतो. २०२० चा २७ इंची आयमॅक, त्यातलं एएमडीचं ग्राफिक्स कार्ड, एवढ्यावर जुने आरपीजी छान चालतात. मात्र बूट कॅम्पवर अधिकृतपणे विंडोज १० च बसतं आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या विंडोजमध्ये गेमच खेळा, बँकेचे व्यवहार नको. पुढचं सगळं एम चिपवाल्यांसाठी आहे.

गेम कुठल्या वाटेने येणार

पहिली वाट सगळ्यात सोपी: गेम मॅकसाठीच बनलेला असतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर किमतीजवळ विंडोजच्या चिन्हाशेजारी सफरचंद दिसतं. बाल्डर्स गेट ३ ची मॅक आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. सायबरपंक २०७७ ला मॅकवर यायला १७ जुलै २०२५ उजाडला, पीसीवर तो डिसेंबर २०२० पासून होता. डिस्को एलिसियम आणि डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ हेही मॅकवर आहेत. एक सावधगिरी घ्या. काही जुन्या गेमसमोर सफरचंद असतं, पण ते ३२ बिटचे असतात आणि २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसपासून मॅक त्यांना उघडतच नाही. पानावर तशी सूचना आहे का, ते खाली जाऊन वाचा.

दुसरी वाट मध्यस्थाची. गेम फक्त विंडोजचा असतो, विंडोजच्या भाषेत मागण्या करतो, आणि एक सॉफ्टवेअर मध्ये बसून त्या मॅकला समजतील अशा करून देतं. तहसीलदार कचेरीबाहेर कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारा बसतो ना, तसंच. काम होतं, थोडा वेळ जास्त लागतो, आणि एखादा कागद अडकतोच. हे मध्यस्थ एकटे नसतात. रोझेटा नावाचा भाग इंटेलसाठी लिहिलेला कोड एम चिपला समजेल असा करतो. १९९३ पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प विंडोजच्या बाकी मागण्या सांभाळतो. आणि अ‍ॅपलने २०२३ मध्ये आणलेल्या गेम पोर्टिंग टूलकिटमधला डी३डीमेटल हा भाग डायरेक्टएक्स ११ आणि १२ या विंडोजच्या पद्धतींतलं ग्राफिक्स मॅकच्या स्वतःच्या मेटल पद्धतीत उतरवतो. हे सगळं एकत्र बांधून, बटणं लावून विकणारं अ‍ॅप म्हणजे क्रॉसओव्हर. ते पैशाचं आहे, पण १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. व्हिस्की नावाचं फुकट अ‍ॅप बऱ्याच जुन्या व्हिडिओंत दिसेल. त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं, नव्याने त्याच्या नादी लागू नका.

पॅरलल्स या अ‍ॅपमध्ये अख्खं विंडोज उघडता येतं, हेही कुणीतरी सांगेलच. टॅली चालवायला ते उत्तम. पण तिथे डायरेक्टएक्स १२ चालत नाही, आणि दोन सिस्टिम एकाच १६ जीबीत बसतात. मोठ्या गेमला ही वाट नको.

तिसरी वाट म्हणजे नाद सोडणे. ज्या ऑनलाइन गेममध्ये विंडोजच्या पोटात शिरून बसणारं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, असतं, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, ते मॅकवर चालत नाहीत. त्यावर 'जुगाड' म्हणून जे काही फिरतं ते खात्यावर बंदी आणणारं असतं, नाहीतर व्हायरस.

पहिला गेम कुठला घ्यावा

माझं मत: पाळीपाळीने लढण्याचा. बाल्डर्स गेट ३ मध्ये तुमची पाळी आली की गेम थांबून वाट बघतो. सेकंदाला ३० चित्रं मिळाली तरी काही बिघडत नाही. तलवार वेळेवर फिरवायची असते अशा गेममध्ये तेच ३० जड वाटतात. मशीनची ओळख होईपर्यंत हा फरक मोठा आहे. संवाद खूप आहेत, इंग्रजीत आहेत, सबटायटल चालू ठेवा.

खरेदी स्टीमवर किंवा जीओजी या तशाच दुसऱ्या दुकानात करा. तिथे एकदा घेतलेला बाल्डर्स गेट किंवा सायबरपंक मॅकवरही चालतो आणि उद्या विंडोजचा पीसी घेतलात तर त्यावरही. अ‍ॅप स्टोअरमधली प्रत मॅकपुरतीच राहते. स्टीमवर रुपयांत किंमत दिसते, यूपीआय चालतं, आणि जून अखेरीला व डिसेंबर अखेरीला मोठे सेल लागतात. शिवाय विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. हे दोन तास चाचणीसाठी राखून ठेवा, चेहऱ्याच्या भुवया रंगवण्यात घालवू नका.

दीडशे जीबी आणायचे कुठून, ठेवायचे कुठे

बाल्डर्स गेट ३ ला साधारण १५० जीबी जागा लागते. मॅकची डिस्क २५६ ची, त्यात एखाद्या लग्नाचं फुटेज पडलेलं. म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच. पाचशे जीबी किंवा एक टीबीची, यूएसबी-सीची घ्या. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क नको, प्रत्येक दार उघडताना चहा पिऊन याल. एम ४ मिनीला जुनं चौकोनी यूएसबी भोक एकही नाही, त्यामुळे केबल कुठली येते ते दुकानातच बघा.

एसएसडी जोडल्यावर 'डिस्क युटिलिटी' उघडून ती एपीएफएसमध्ये, म्हणजे मॅकच्या पद्धतीत, फॉरमॅट करा. आतलं सगळं जातं, तेव्हा आधी रिकामी आहे ना बघा. मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'खाली ती डिस्क जोडा. गेमच्या आकाराइतकी जागा पुरत नाही, अपडेट येताना स्टीमला वर आणखी मोकळी जागा लागते. तुमचं टाइम मशीन, म्हणजे मॅकचा आपोआप होणारा बॅकअप, चालू असेल तर त्याच्या ऑप्शन्समध्ये जाऊन ही डिस्क वगळलेली आहे ना बघा, नाहीतर ग्राहकांच्या बॅकअपची जागा राक्षसांच्या चित्रांनी भरेल.

आता डाउनलोड. १०० एमबीपीएसची फायबर लाइन पूर्ण वेगाने चालली तर १५० जीबीला तीन तास वीस मिनिटं लागतात, ४० एमबीपीएसला आठ तासांच्या वर. शहापुरात, टिळकवाडीत रात्री लावून झोपलात की झालं. जांबोटी, कणकुंबीकडे मोबाइलचा रोजचा दोन जीबी डेटा घेऊन बसलात तर अडीच महिने. तिथे उपाय जुनाच: फाइली डिस्कवर घालून आणायच्या. कोल्हापुरात शिकणारा भाऊ शनिवारी एसटीने येतो, त्याच्या दप्तरात डिस्क येऊ शकते. फक्त हे लक्षात ठेवा की मॅकच्या गेमला मॅकवरूनच आणलेल्या फाइली लागतात, विंडोजच्या पीसीवरच्या नाही. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'इन्स्टॉल्ड फाइल्स', तिथे बॅकअपचं बटण आहे. आणि गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवाच. फाइली उसन्या चालतात, परवाना नाही.

पेन ड्राइव्हवर 'फुल व्हर्जन' देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. ज्या मशीनवर ग्राहकांचे फोटो आणि तुमचं नेटबँकिंग आहे, त्याचा पासवर्ड अनोळखी इन्स्टॉलरला टाइप करून द्यायचा नसतो.

सेटिंग्ज: इथे वेळ घाला

गेम उघडायच्या आधी फोटोशॉप, प्रीमियर, क्रोम पूर्ण बंद करा. खिडकीचा लाल ठिपका दाबल्याने मॅकवर अ‍ॅप बंद होतंच असं नाही. कमांड आणि क्यू दाबा. मग 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये मेमरीच्या टॅबवर तळाशी 'मेमरी प्रेशर'चा छोटा आलेख बघा. गेम चालू असताना तो हिरवा असेल तर छान, पिवळा असेल तर चालवून घ्या, लाल झाला की गेम दर काही सेकंदांनी अडकणार. अशा वेळी बाकी काही न करता आधी टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची, पातळी खाली आणा, कारण मेमरी सगळ्यात जास्त तिथेच जाते.

यानंतर रिझोल्यूशन. एक हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. फुल एचडी मॉनिटरवर साधारण २१ लाख ठिपके असतात, फोरकेवर ८३ लाख, आणि २४ इंची आयमॅकच्या पडद्यावर जवळपास १ कोटी १३ लाख. ते सगळे ठिपके तीच चिप दर सेकंदाला तीस-चाळीस वेळा रंगवणार. म्हणून आयमॅकवाल्यांनी गेममध्ये जाऊन रिझोल्यूशन निम्म्यावर आणावं, आणि मिनीवाल्यांनी साधा फुल एचडी मॉनिटर लावला तर उलट फायदाच. नंतर अपस्केलिंग चालू करा. गेम कमी ठिपक्यांत चित्र काढतो आणि मग ते हुशारीने मोठं करतो. मॅकवर एफएसआर किंवा मेटलएफएक्स हे पर्याय दिसतील. आधी 'क्वालिटी' लावा, पुरलं नाही तर 'बॅलन्स्ड'. 'परफॉर्मन्स'ला गेलात की केस आणि झाडं धुळीसारखी दिसायला लागतात.

बाल्डर्स गेटमध्ये सगळं 'मीडियम' करून सुरुवात करा, सावल्या आणि धुकं एक पायरी खाली. चित्रांचा वेग ३० वर बांधून टाका. कधी ५५, कधी २८ असा उड्या मारणारा वेग डोळ्यांना जास्त त्रास देतो, ठाम ३० चटकन अंगवळणी पडतो. आणि सुरुवातीच्या जहाजावर सगळं गुळगुळीत चाललं म्हणून खूश होऊ नका. खरी परीक्षा तिसऱ्या अंकात, बाल्डर्स गेट शहरात शिरल्यावर. गणपत गल्लीत चतुर्थीच्या आदल्या दिवशी असते तेवढी गर्दी, आणि प्रत्येक माणसाचा हिशोब प्रोसेसर करतो. तिथे रिझोल्यूशन कमी करून उपयोग होत नाही. 'डायनॅमिक क्राउड्स' बंद करा, फरक तिथे पडतो.

सायबरपंकमध्ये काम सोपं केलेलं आहे. ग्राफिक्सच्या यादीत 'फॉर धिस मॅक' असा तयार संच आहे, तो निवडा. गेमला १६ जीबी मेमरी आणि मॅकओएस सेकोया किंवा त्यानंतरची सिस्टिम लागते. त्याच पानावर बेंचमार्कचं, म्हणजे वेग मोजायच्या चाचणीचं, बटण आहे, दोन तासांच्या मुदतीत ते चालवून बघता येतं. आकडा कमी आला तर स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स आणि धुकं खाली, रे ट्रेसिंग बंद, गर्दी 'लो'.

गेम नेहमी पूर्ण पडद्यावर उघडा. सोनोमा या मॅकओएसपासून मॅकमध्ये 'गेम मोड' आहे, तो पूर्ण पडदा झाला की आपोआप चालू होतो. खिडकीत उघडलात तर होत नाही.

विचर ३: क्रॉसओव्हरच्या वाटेने

क्रॉसओव्हर बसवा. पहिल्यांदा रोझेटा मागेल, द्या. आत 'इन्स्टॉल'मध्ये स्टीम शोधा. ते एक 'बॉटल' तयार करतं, म्हणजे विंडोजचा एक वेगळा कप्पा, आणि त्यात विंडोजचं स्टीम बसतं. हे तुमच्या मॅकच्या स्टीमपेक्षा वेगळं आहे, खातं मात्र तेच. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: गेम मॅकच्या स्टीममध्ये शोधतात, तिथे इन्स्टॉलचं बटण नसतं, आणि मग "चालत नाही" म्हणून सोडून देतात.

बॉटल निवडल्यावर उजवीकडच्या पट्टीत ग्राफिक्ससाठी डी३डीमेटल निवडा, एमसिंक चालू करा. मग त्या स्टीममधून विचर ३ इन्स्टॉल करा. इथे मात्र विंडोजच्या फाइली चालतात. मित्राच्या पीसीवर गेम असेल तर त्याचा फोल्डर डिस्कवर घ्या. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या, डिस्कवर मॅक लिहू शकत नाही, पण वाचतो, आणि आपल्याला वाचायचंच आहे. बॉटलवर राइट क्लिक करून सी ड्राइव्ह उघडा, प्रोग्राम फाइल्समधल्या स्टीमच्या फोल्डरात स्टीमअ‍ॅप्स, त्यात कॉमन, तिथे तो फोल्डर ठेवा. नंतर स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. आहेत त्या फाइली ते तपासून घेतं आणि उरलेलंच डाउनलोड करतं.

सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारलं जातं. ११ घ्या. १२ मध्ये रे ट्रेसिंग आहे, ते आपल्याला नकोच आहे, आणि ११ हलकं चालतं. हेअरवर्क्स (केसांचा खास परिणाम) बंद, गवताची लांबवरची दृश्यता मध्यम. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम अडखळेल. प्रत्येक नवी चमक, नवा धूर पहिल्यांदा दिसताना मॅक त्याचा कोड तयार करत असतो. दुसऱ्यांदा त्या गावात गेलात की तो अडखळा कमी झालेला असतो, तेव्हा घाईने सेटिंग्ज खाली आणू नका.

सिस्टिमची मोठी अपडेट आली की लगेच 'इन्स्टॉल नाऊ' दाबू नका, क्रॉसओव्हरची नवी आवृत्ती येऊ द्या. अ‍ॅपलने रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील आणि पुढे जुन्या गेमसाठी त्याचा थोडाच भाग ठेवू, असं सांगितलेलं आहे. मध्यस्थाच्या वाटेने येणारे गेम रांगेत असतील तर ते आधी खेळून घ्या.

माऊस, कीबोर्ड, लाईट

मॅजिक माऊस बाजूला ठेवा. डावं आणि उजवं बटण एकदम दाबता येत नाही, आणि आरपीजीत ते सारखं लागतं. साधा तारेचा माऊस लावा, सिस्टिम सेटिंग्जमध्ये माऊसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली पॉइंटर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये मिशन कंट्रोलखाली कंट्रोल आणि बाणाची जोडी काढून टाका, नाहीतर लपतछपत चालताना अचानक डेस्कटॉप सरकतो आणि समोर ग्राहकाचा हळदीचा फोटो येतो. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर असेल तर 'क्रिएट' आणि पीएसचं बटण एकत्र दाबून धरा, दिवा लुकलुकला की ब्लूटूथमध्ये नाव येतं.

मिनीवर क्रोशाचा रुमाल घालू नका, खालीही कापड नको. एम ४ मिनी हवा घेतो आणि सोडतो ती तळाकडूनच.

आता लाईट. आषाढात लग्नं नसतात, स्टुडिओ रिकामा असतो, खेळायला वेळ मिळतो, आणि आपल्याकडे नेमकी त्याच पावसात लाईट जाते. डेस्कटॉप मॅकला बॅटरी नाही. घरातला इन्व्हर्टर लाईट गेल्यावर क्षणभर उशिरा लागतो, आणि तेवढ्यात मॅक बंद पडू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, त्यावर 'यूपीएस' आणि 'ईको' लिहिलेलं असतं. तो 'यूपीएस'कडे करा. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. एम ४ मिनी भरपूर जोर लावला तरी ६५ वॉटच्या आसपास खातो, मॉनिटर धरून गेम सेव्ह करून बंद करायला आरामात वेळ मिळतो. राउटरलाही त्याच यूपीएसवर घ्या. टिळकवाडीतला मित्र विंडोजवर आणि तुम्ही मॅकवर असे बाल्डर्स गेट एकत्र खेळत असाल, तर लाईट गेल्यावर लढाई अर्धवट सुटत नाही. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचपासून हे जमतं. दोघांकडे लॅरियनचं, म्हणजे हा गेम बनवणाऱ्या कंपनीचं, खातं हवं आणि मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) असतील तर सारखे.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, डिस्क रिकामी करायला लागते. गेम बिनधास्त अनइन्स्टॉल करा, पण आधी स्टीममध्ये क्लाउडची खूण 'अप टू डेट' दाखवते ना, ते बघा. बाल्डर्स गेटचे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या लॅरियन स्टुडिओजच्या फोल्डरात असतात. आयक्लाउडवर डॉक्युमेंट्स चढवायची सोय चालू असेल तर फुकटचे ५ जीबी तेच भरून टाकतात, आणि नव्या अल्बमची फाइल वर जात नाही. तो फोल्डर बाहेरच्या एसएसडीवर कॉपी करा, कॉपी उघडून तपासा, मगच मूळ काढा. विचरची बॉटल पुसायच्या आधीही असंच.